आपल्या दाराला लावलेले आमचे फावडे

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
नागरिक संस्था नोंदणी विभाग,
विभागीय कार्यालय, तळमजला.

विषय : 'झरा राखण मंडळा'ची नोंदणी नाकारल्याबाबत व मंडळाच्या फावड्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र क्र. ४१२, दि. ६ ऑक्टोबर.
२) फावडे जमा केल्याची पोच, दि. ११ मार्च.

महोदय,

संदर्भीय पत्र अर्जदारास मिळाले. वरच्या वस्तीपर्यंत टपाल येत नाही, म्हणून ते दूधवाल्याने आणून दिले. त्याने वाटेत ते वाचून काढल्यामुळे अर्जदाराच्या आधी सगळ्या वस्तीला ठाऊक झाले. मंडळाने गेल्या सात महिन्यांत काहीही कार्य केलेले नाही, सबब पर्यावरणाविषयी मंडळाची आस्था संशयास्पद वाटते, असे आपण कळविले आहे. त्यावर अर्जदाराचे म्हणणे येणेप्रमाणे.

१. अर्जदार पेशाने गवंडी असून वय वर्षे सदुसष्ट आहे. वस्तीत बेचाळीस घरे आहेत व सर्वांना पाणी एकाच झऱ्याचे. झऱ्यापासून टाकीपर्यंत दगडी चर आहे. तो पालापाचोळ्याने तुंबतो, म्हणून रोज एका घराने वर जाऊन साफ करायचा. त्यासाठी वस्तीचे एक फावडे आहे. काम झाले की ते शेजारच्या दाराशी उभे करायचे. सकाळी ज्याच्या दारात फावडे, त्याची पाळी. ना वही, ना सभा, ना अध्यक्ष. अर्जदाराच्या आजोबांपासून हे असेच चालत आले व चर एकदाही तुंबला नाही.

२. मग नोंदणीची अवदसा का आठवली, असे आपण विचाराल. अर्जदाराची मुलगी शिक्षिका आहे. नवीन बंगलेवाले पाळी मानत नाहीत, सहलीला येणारे चरात बाटल्या टाकतात. रीतसर मंडळ असेल तर चार लोक ऐकतील, असे तिचे म्हणणे पडले. त्याच सुमारास आपल्या विभागाने वस्तीत 'पर्वत वाचवा' कार्यशाळा घेतली. नऊ गाड्या आल्या. वाचवण्याजोगा पर्वत आहे की नाही, हे कुणी खिडकीची काच खाली करूनही पाहिले नाही. पण अर्जाचे नमुने मात्र सढळ हाताने वाटले.

३. नमुन्याच्या नवव्या रकान्यात 'संस्थेची मालमत्ता' असे होते. अर्जदाराने प्रामाणिकपणे 'एक फावडे' असे लिहिले. हीच अर्जदाराची घोडचूक. 'निरंक' लिहिले असते तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. मालमत्ता पडताळणीसाठी समक्ष हजर करा, असे आपल्या लिपिकसाहेबांनी सांगितले. तेव्हा फावडे शिंपीणबाईंच्या दारात होते. अर्जदाराने ते उचलले, चार तास बसमध्ये मांडीवर धरले व आपल्याकडे जमा केले. आठ दिवसांत परत मिळेल, असे सांगण्यात आले होते.

४. त्या दिवसापासून चर पूर्ण साफ झालेला नाही. शिंपीणबाई म्हणतात, फावडे दारातून गेले, पाळी फिटली. पुढचे घर न्हाव्याचे. तो म्हणतो, फावडे माझ्या दारी आलेच नाही, मग पाळी कसली? दोघांचेही बरोबर आहे, हीच तर पंचाईत. लोहाराकडून नवे फावडे करून आणले. ते एका दुपारी चार दारे फिरले व चराचे तोंडही न पाहता अर्जदाराच्या अंगणात येऊन पडले. तेव्हापासून अर्जदार व त्याच्या थोरल्या वहिनी असे दोघेच वर जाऊन हाताला येईल तेवढा पाला काढत होते. गेल्या महिन्यात वहिनी चरात घसरल्या व त्यांचे मनगट मोडले. वस्तीतले लोक अर्जदाराला काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

५. अर्जदाराने आपल्या कार्यालयात आजवर सात खेपा घातल्या. पडताळणी अधिकारी पहिल्या खेपेला रजेवर होते, दुसऱ्या खेपेला 'जलसंवर्धन' या विषयावरील परिषदेला गेले होते. पुढचे न लिहिलेले बरे. तिसऱ्या खेपेपासून मात्र फावडे दर खेपेला दिसते. आपल्या कार्यालयाचे मुख्य दार वाऱ्याने आपटते, म्हणून शिपायाने त्याला ते टेकू म्हणून लावले आहे. दांड्यावर 'मालमत्ता क्र. १' अशी चिठ्ठी आहे. सात महिन्यांत आपल्या विभागाने पर्यावरणाचे जे काही रक्षण केले असेल, त्यात हे दार नक्की मोजावे.

६. आता गंभीर बाब. पुढच्या महिन्यात वर पाणी गोठू लागेल. चर तुंबलेला असताना थंडी पडली तर साचलेल्या पाण्याचा बर्फ होऊन चराचा बांध फुटतो व झरा पलीकडच्या उताराला वळतो. तो परत आणता येत नाही. वरच्या अंगाच्या जुन्या वस्तीचे असेच झाले. तिथे आता नुसत्या भिंती आहेत. त्यातल्या दोन अर्जदाराच्या वडिलांनी बांधलेल्या आहेत. आपल्याकडे तिची नोंद 'स्वेच्छेने स्थलांतरित' अशी आहे. अर्जदाराला भीती वाटते, ती याची.

७. आपले पत्र अर्जदाराने वहिनींना वाचून दाखविले. त्यांनी एवढेच विचारले, "फावडं आता कुणाच्या दारात आहे?" अर्जदाराने सांगितले. त्या म्हणाल्या, "मग पाळी त्यांची."

अर्जदाराने यावर दोन दिवस विचार केला व त्यास यात कोणतीही त्रुटी आढळली नाही. फावडे शिंपीणबाईंच्या दारातून निघाले ते थेट आपल्या दारात उभे राहिले. ते आणून ठेवल्याची पोच आपल्याच शिक्क्यानिशी आहे. वस्तीच्या नियमाप्रमाणे ११ मार्चपासून पाळी आपली आहे व ती आपण सात महिने चुकविली आहे. मंडळाचे कार्य थांबले आहे हे आपले निरीक्षण अचूक आहे. ते कुणामुळे, एवढेच लिहायचे राहून गेले.

तरी विनंती की, येत्या सोमवारी सकाळी सात वाजता आपण फावड्यासह वर यावे, चर साफ करावा व फावडे न्हाव्याच्या दाराशी उभे करून मोकळे व्हावे. पुढचे आमचे आम्ही पाहू. नोंदणी नाही दिलीत तरी चालेल. वाट दाखवायला अर्जदार टाकीपाशी उभा राहील. चहाची सोय होऊ शकणार नाही याबद्दल क्षमस्व. त्याला लागणारे पाणी आपण चर साफ केल्यावरच येईल.

आपल्या पाळीची वाट पाहणारा,
(सही)
गवंडी, वरची वस्ती
दि. १४ ऑक्टोबर

सोबत :
१) फावड्याच्या पोचेची प्रत.
२) वहिनींच्या मनगटाचा एक्स-रे.
३) हातमोजे, एक जोड. दांड्याला कुसळे आहेत, सवय नसलेल्या हाताला टोचतात.