दादाने ऐकलेल्या चपला

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सर्वोत्कृष्ट सिनेमाचं पारितोषिक त्या लढाईच्या सिनेमाला गेलं, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. वहिनी फोनवर म्हणाली, तू चक्क टाळी वाजवलीस! दोन बहिणींवरच्या आमच्या सिनेमात काही घडतच नाही, असंही म्हणालास म्हणे. दोन वर्षं ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून मी त्यातला एकेक आवाज जुळवला, दादा.

नव्या सिनेमासाठी विचारणा आहे. पंधरा तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. नाही कळवून टाकावं, असं वाटतं. वाचनालयात एक जागा आहे. तिथे निदान शांतता असते.

डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं?

रुसलेली, तरी तुझीच,
टिटवी

७ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

अक्षर वहिनीचं, मजकूर माझा. आठवडाभर पडद्याकडे बघायचं नाही, असा डॉक्टरांनी दम दिलाय. म्हणून वहिनीने दोन्ही सिनेमे लावले आणि मी डोळे मिटून नुसते ऐकले. लढाईत मला डुलकी लागली. (घोरत होते. – वहिनी) तुझ्या सिनेमात मात्र बहिणींचं भांडण थांबलं, कुणीतरी पातेलं हळूच खाली ठेवलं आणि चपला वाजत वाजत लांब गेल्या. मी उठून बसलो. थोरली घर सोडून गेली, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

अगं, चाळीस वर्षं थिएटरात मशीन चालवलं मी. त्या घरघरीत झरोक्यातून सिनेमे पाहिले, ऐकले कधी? निकाल मात्र ठणकावून देत आलो. टाळी मागे घेतो. वाचनालयाचं तुझ्यावाचून काही अडत नाही.

जीव अडकलाय तुझ्यात, एवढं लक्षात ठेव.
दादा

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग धावत स्टुडिओत गेले. दादा, त्या प्रसंगात थोरली अनवाणी आहे! चपला मी चुकून वाजवल्या. एवढे परीक्षक, एवढे समीक्षक, कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं असणार. लबाड, लिहिलं नाही तिने. पारितोषिक मिळालं असतं तर ही चूक जन्मभर मिरवत बसले असते.

आज होकार कळवला. नव्या सिनेमाची पहिली प्रत आधी तुमच्याकडे आणेन. वहिनीने बघायचं, तू ऐकायचं, आणि जुळलं नाही तर भीडभाड न ठेवता सांगायचं.

टाळी मात्र मागे घेऊ नकोस. तो लढाईचा सिनेमा खरंच चांगला आहे. मी दोनदा पाहिला, तुला सांगितलं नव्हतं.

माया आहे तशीच राहू दे,
टिटवी