गुढीवरचा पांढरा स्कार्फ

प्रिय क्षिप्रा,

तुझे मेसेज बघतोय, मुद्दामच उत्तर देत नाहीये. फोनवर बोललो तर भांडेन, म्हणून कागद घेतलाय. हसू नकोस.

तुझ्या तिसरीच्या वर्गात एकच मराठी पोरगी, अवनी. तिच्या आईबाबांना ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून शाळेतल्या 'घर घर का त्योहार'साठी तू मला तिचा काका करून टाकलंस. वर ऐकवलंस, कॉलेज सोडलंस, निदान शाळेत तरी ये! आलो. साखरेच्या गाठीसाठी अख्खी दिल्ली पालथी घातली, मुनिरकाच्या घरमालकाच्या हातापाया पडून बांबू मिळवला, आईच्या हिरव्या खणाला इस्त्री केली. कुणासाठी? अवनीसाठी? चल, यार!

आणि शेजारच्या टेबलावर तो लोबसांग. तुझ्या वर्गातल्या तिबेटी डोल्माचा मामा. उंच, शांत, पोरं त्याच्या अंगाखांद्यावर. सगळ्या शाळेदेखत त्याने दोन्ही हातांनी तुझ्या गळ्यात पांढरा रेशमी स्कार्फ घातला, आणि तू मान झुकवलीस. आपल्याकडे मुलगी अशी मान झुकवते ती एकदाच, क्षिप्रा! माझं डोकं सटकलं. खण पिशवीत कोंबला आणि सरळ गेटबाहेर पडलो. मागून तू हाक मारलीस, तीही 'धीरज' अशी नाही; 'अवनीचे काका, थांबा!'

संध्याकाळी तू पाठवलेला फोटो आला. गुढी उभी होती. कडुनिंब, गाठी, वर तांब्या, आणि खणाच्या जागी त्याचा स्कार्फ. उघडी काठी बघून अवनी रडायला लागली, तेव्हा त्याने तो स्वतःच्या गळ्यातून काढून दिला म्हणे. म्हणजे तुझ्या गळ्यातही त्याचाच आणि माझ्या गुढीवरही त्याचाच! फोटो मोठा करकरून पाहिला. प्रिन्सिपल मॅडम, शिपाईकाका, अवनी, सगळ्यांच्या गळ्यात तसेच स्कार्फ. तरी राग जाईना. बाकीच्यांकडे मी कुठे बघत होतो?

काल अवनीची आई खोलीवर येऊन एक पुडकं देऊन गेली. लोबसांगने पाठवलेलं. त्यांच्याकडे पाहुण्याला रिकाम्या गळ्याने पाठवत नाहीत, मी तसाच गेलो हे त्याच्या मनाला लागलं होतं. आत माझ्या वाटचा स्कार्फ. तिच्याकडूनच नंबर घेऊन त्याला फोन लावला, खरं सांगतो, भांडायलाच. तर म्हणतो, भैया, रखना ज़रूरी नहीं, जिसे दिल से मानते हो उसे पहना दो. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? म्हणून हे पत्र. शनिवारी शाळा सुटताना येतोय. अवनीला खण द्यायचाय, तिची माफी मागायचीय, आणि स्कार्फ तुझ्यासाठी आणतोय. नको असेल तर सरळ नाही म्हण, तमाशा न करता परत फिरेन. पण घालून घेणार असशील, तर त्याच्यापुढे झुकवलीस त्याहून मान जराशी जास्त झुकव.

कुणाचाही काका नसलेला, तुझाच,
धीरज