अण्णांचं अळणी जेवण

मंगळवार, संध्याकाळ

अक्काची पुढची केमो गुरुवारी, आणि आज ती म्हणते, "मला नको. अण्णांसारखं अळणी जेवून बघते."

अण्णा म्हणजे आमचे वडील. यशवंतपुरात दुकान होतं तेव्हा त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी हात टेकले. वैद्यांनी मीठ बंद केलं, शेळीचं दूध आणि नाचणीची आंबील सुरू केली. अण्णा बरे झाले. पथ्यानं? कोण जाणे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे सांगतो.

शेजारच्या रंगप्पांनीही त्याच आजारात तेच वैद्य, तेच पथ्य धरलं होतं. ते गेले. ते मात्र कुणी सांगत नाही. आज मी अक्काला सांगितलं.

 मग ती कानडी वळणानं म्हणाली, "सरी, बरं, गुरुवारी जाऊ. पण तेव्हा आपण सगळेच अळणी जेवायचो, आठवतं?"

आठवतं. अण्णांना एकटं वाटू नये म्हणून आई मिठाची बरणीच माळ्यावर ठेवायची.

मी उठून आमची बरणी माळ्यावर ठेवली. जेवताना सगळ्यांनी मुकाट अळणी सार भुरकलं. अक्कानं दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे बघितलं.

"बरणी काढ खाली. सगळे बसलात ना, तेवढं पुरे."