सव्वादोनची बांगडी

अहो,

सोलापूर फिरवतो म्हणत बारा वर्षं घरात ठेवलंत. आज एकटीच फिरून आले. तळ्याकाठच्या भजीवाल्याला तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाला, "आज बाईसाहेब आल्या न्हाईत व्हय?" चाटी गल्लीत दुकानदारानं 'त्यांच्या आवडीचं' म्हणून जांभळं लुगडं पुढं टाकलं. कासार म्हणाला, "त्यांना सव्वादोनची बांगडी बसते. तुमी कोण त्यांच्या?"

मी म्हटलं, मोलकरीण.

त्याच्याकडनंच पत्ता घेतला. तुमी बोलावलंय म्हटल्यावर बाई लई हसत टांग्यात बसल्या. आता सासूबाईंच्या खोलीत हायत, बाहेरनं कडी घातलीय. म्हातारीचं हागणंमुतणं कसं काढायचं ते दाखवलंय. रडतायत, पण शिकतील की.

मोलकरीण वळसंगला माहेरी गेली.