पानी म्हणणारी राणी

प्रिय सिद्धेश,

शनिवारी तुझ्या शुभाकाकूंच्या घरून निघाल्यापासून माझे बॉथेलचे घर येईपर्यंत मी गाडीत एक अक्षर बोलले नाही आणि ‘थकली असशील’ असे तू परस्पर ठरवून टाकलेस. मी थकले नव्हते, संतापले होते. मला समोरासमोर भांडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. निदान इथे तरी तुला मधेच तोडता येणार नाही.

यमुनाबाईंवरच्या माझ्या संशोधनाला तू मित्रांमध्ये ‘जुन्या हिरॉइनचं खूळ’ म्हणतोस. यमुनाबाई मूकपटांत ‘मिस रत्नप्रभा’ या नावाने राण्या रंगवत. वियोग, मत्सर, पुत्रशोक, सारे काही डोळ्यांनी आणि मानेच्या एका झटक्याने. लोक त्यांच्या नावावर तिकिटे काढत. मग बोलपट आला आणि कंपनीने आवाजाची परीक्षा घेतली. वाक्य होते, ‘कोणी आहे का? पाणी आणा!’ यमुनाबाई म्हणाल्या, ‘कोनी हाय का? पानी आना!’ मालकापासून रंगभूषाकारापर्यंत सगळे हसले. त्यानंतर त्यांना कॅमेऱ्यासमोर कुणी उभे केले नाही. त्याच कंपनीत यमुनाबाई नव्या नायिकांना नऊवारी नेसवून देत राहिल्या.

हे मी त्या दिवशी जेवताना सांगितले, कारण काकूंनी आपुलकीने विचारले होते, ‘अगं, तू नेमकं शिकतेस तरी काय?’ इतक्या माणसांत सलग बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. माझे वाक्य पुरे होण्याआधीच तू पेला उंचावून ओरडलास, ‘ए, कोनी हाय का? पानी आना यार!’ टेबल हसण्याने दणाणले. मग ‘लोनचं आना’, ‘लोनी आना’ हे ताक येईपर्यंत चालले. काकू तेवढ्या म्हणाल्या, ‘पुरे रे सिद्धेश.’

ती गंमत होती, असे तू म्हणशील. मग ग्रंथालयातले माझे व्याख्यान तू वाचणार, हेही गमतीत ठरले का? ‘तुझा ॲक्सेंट अमेरिकन लोकांना झेपत नाही गं. तू शेजारी उभी राहा, बोलायचं मी मॅनेज करतो.’ वर्षभर खपून लिहिलेले शब्द माझे, आणि मी शेजारी उभी!

तरीही मी स्वतःची समजूत घालत होते की तुला काही ठाऊक नव्हते. काल तुझा मेसेज आला. ‘तुझ्या आई साखरपुड्याला येतील तेव्हा त्यांना आमच्या लोकांसमोर फार बोलू देऊ नकोस, प्लीज. त्यांचं ते न-ण फार ऐकू येतं. नुसत्या हसल्या तरी गोड दिसतात.’ म्हणजे फोनवर माझ्या आईचे बोलणे ऐकून तुझ्या ध्यानात आले होते. माझ्या घरात ‘पानी’च म्हणतात, हे माहीत असूनही तू माझ्यासमोर पेला उंचावलास. शाळेत मी ‘ण’ घोटून घोटून शिकले आणि मराठीत पहिली आले. पण मला पहिले शब्द शिकवले ते तिने. तिला मुकी करून मी कुणाच्याही घरी जाणार नाही. साखरपुडा होणार नाही. आई येईल, माझ्याकडे राहील आणि मनसोक्त बोलेल. तुझ्या आई-बाबांना काय सांगायचे ते तू ठरव. बोलणे तुला उत्तम जमते.

‘तुझीच’ लिहवत नाही, म्हणून नुसतीच,
अंजना