फेसाच्या टाकीवरचा कॅमेरा

१२ जाने., सोम.
सकाळची मीटिंग. सरांनी फेसाची टाकी माझ्या गळ्यात घातली. म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ होतं ती मोठी टाकी. फेस चढला की पातळी मोजणारं यंत्र फसतं. स्क्रीनवर आकडे ठीक आणि वर फेस कडेपर्यंत! म्हणून टाकी सांभाळणारे म्हात्रेकाका सारखे लोखंडी शिडी चढून डोकावून येतात. काका रिटायरमेंटला आलेले, उजवा गुडघा कुरकुरतो. आता वर कॅमेरा बसवायचा आणि त्याचं चित्र कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर, आकड्यांच्या शेजारी आणायचं. महिनाअखेरीस मुंबई हेड ऑफिसची माणसं येणार, त्यांना दाखवायचंय.
काका : "मधुरा, लवकर कर गो. माझा गुडघा तुज्या नावाचा जप करतोय."
हो म्हटलं. किती कठीण असणार?

१४ जाने., बुध.
कठीण आहे.
कॅमेरा बसला. माझ्या लॅपटॉपवर झक्क दिसतो. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर नुसता पांढरा चौकोन. कॅमेरा नाव आणि पासवर्ड विचारतो, आणि आमचं जुनं सॉफ्टवेअर मुलगी बघायला आलेल्या लाजऱ्या मुलासारखं गप्प.
संक्रांत. काकांनी घरचे तिळाचे लाडू आणले. पांढऱ्या चौकोनासमोर बसून खाल्ले. "एक त्यालापण दे," काका म्हणाले, "बोलला तर बोलला."

१६ जाने., शुक्र.
रामवाडीला कंपनीच्या बसमध्ये चढता चढता सुचलं. व्हिडिओचा हट्टच सोडायचा. एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम, लिहायची. तिने पासवर्ड देऊन कॅमेऱ्याकडून दर दोन सेकंदांनी एक फोटो मागायचा, फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि चौकोनात तो दाखवायचा. फेस काही पळत येत नाही, एवढं पुरे.
दुपारी चित्र आलं!! टाकी, कठडा आणि कठड्यावर एक बगळा. अख्खी शिफ्ट गोळा झाली. कुणी म्हणे, बगळ्याची हजेरी लावा.
पण बगळा हलेना. चहा झाला तरी एका पायावर तसाच.
"ध्यान लावलंय," काका. मग वर जाऊन आले. बगळा केव्हाच उडालेला.

१९ जाने., सोम.
बगळ्याचं कोडं सुटलं. नवा फोटो जुन्याच नावाने येत होता. सॉफ्टवेअरला वाटायचं, हा तर बघितलाय. म्हणून जुनाच दाखवायचं. आता दोन नावं ठेवली, आळीपाळीने. फेस हलताना दिसला!
काका सकाळपासून खुर्चीत. शेवटी कंटाळून स्वतःच एक फेरी मारून आले. "पाय आखडतात बसून बसून."
घरी आईला सगळं सांगितलं. ती पोह्याचे पापड वाळत घातलेले काढत होती. "म्हणजे तू दिवसभर फेस बघतेस? यासाठी तुला इंजिनीअर केली?"

२२ जाने., गुरु.
अक्षर वेडंवाकडं येतंय.
कॅन्टीनमधून जेवून परत येताना टाकीच्या बाजूने आले. शिडीवरून फेस खाली उतरत होता, पायरी पायरीने, माणूस उतरावा तसा. धावत कंट्रोल रूम. काका स्क्रीनसमोर, आणि स्क्रीनवर टाकी शांत.
"काका, फेस बाहेर आलाय!"
"कुठं गो? हा बघ ना, हाय तिथंच हाय."
"ते चित्र खोटं आहे! पाणी बंद करा!"
काकांनी पुढे एक शब्द विचारला नाही. टाकीत येणारं पाणी बंद केलं. मग दोघं बाहेर पळालो, फेस मारायचं औषध सोडलं. फेस आवारातच अडला. गटारापर्यंत गेला नाही, कुणाला काही झालं नाही.
काकांनी वर जाऊन बघितलं, तर कॅमेऱ्याची वायर ढिली झालेली. फोटो यायचे थांबले आणि शेवटचा तसाच राहिला. 'फोटो नाही मिळाला तर काही न बोलता पुढे जा.' स्क्रिप्टमधली ही ओळ माझी.
काका रागावतील वाटलं. त्यांनी चहा आणून दिला. "पी. तोंड बघ तुजं, फेसापेक्षा पांढरं झालंय."

२३ जाने., शुक्र.
स्क्रिप्ट बदलली. आता फोटो किती जुना हे आधी बघायचं. जरा शिळा झाला की चित्र काढून टाकायचं, आणि त्या जागी लाल चौकोन, मोठी अक्षरं : 'चित्र बंद. वर जाऊन बघा.' खालच्या टोकाला वायर काढून बघितलं, लावून बघितलं, पुन्हा काढून बघितलं. चालतंय.
सर खूश नाहीत. "एवढं लाल? पाहुण्यांसमोर? शेवटचं चित्र राहू दे, कोपऱ्यात बारीक सूचना टाक."
"सर, हवं तर चित्रच काढून टाकते. पण जुनं ठेवणार नाही."
हे मी बोलले! सरांना! सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "राहू दे. पण त्या दिवशी वायर घट्ट कर."

२५ जाने., रवि.
काकांकडे, वरसे गावात पोपटी. आईलाही नेलं. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून भांबुर्डीचा पाला. मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाल्याचा वास अजून ओढणीला येतोय.
काकू म्हणाल्या, यांचा गुडघा बरा हाय, आता घरात कण्हणं नाय.
आईने काकांना विचारलंच, "हिला जमतं का हो काही तिथे?"
"जमतं ना. ओरडते चांगली."
मला ठसका लागला.

२९ जाने., गुरु.
पाहुणे. मुख्य एक मॅडम, कमी बोलणाऱ्या. वायर सकाळीच काकांकडून तपासून घेतली होती. सर सुंदर समजावत होते आणि मध्येच चौकोन लाल. 'चित्र बंद. वर जाऊन बघा.'
सरांनी माझ्याकडे असं बघितलं की राजीनामा कुठल्या भाषेत लिहू याचा विचार सुरू झाला.
काका उठले, हेल्मेट घातलं, निघाले.
मॅडम : "कुठे निघालात?"
"वर. लिहिलंय ना."
मॅडमनीही हेल्मेट मागून घेतलं आणि त्यांच्या मागोमाग शिडी चढल्या. खाली आल्या तेव्हा बुटांना फेस आणि चेहरा पहिल्यांदाच हसरा. फेस जागेवर होता, धोका नव्हता.
कारण नंतर सापडलं. सरांच्या प्रोजेक्टरसाठी कुणीतरी नेटवर्कच्या डब्याची पिन काढली होती. सरही हसले. सगळ्यांच्या नंतर, पण हसले.

३० जाने., शुक्र.
सरांनी बोलावलं. मॅडमना बाकीच्या टाक्यांवरही हे हवंय, लाल चौकोनासकट. आणि आणखी एक विचारलंय : चित्रातला फेस स्क्रिप्टनेच ओळखून, कुणाला न विचारता, पाणी बंद करेल का? सोमवारी उत्तर द्यायचं.
जमेल. कसं करायचं तेही बसमध्ये सुचलं. पण २२ तारखेची, स्क्रीनवरची ती शांत टाकी डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हा ते चित्र बघून स्क्रिप्टने पाणी चालूच ठेवलं असतं...
काकांना सांगितलं. "मग मी काय करू?" हसत म्हणाले. पण म्हणाले.

३१ जाने., शनि.
हाफ डे. काकांबरोबर पहिल्यांदा टाकीवर चढले. कॅमेरा लावला तेव्हासुद्धा मी खाली उभी राहून सूचना देत होते. शिडी थरथरते हे कुणी सांगितलंच नव्हतं. वर वारा, उग्र वास, आणि फेसाला आवाज असतो! बारीक चुरचुर, सारखी. कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहून कितीतरी वेळ ऐकत होते.
काका फेसाकडे बघतच नव्हते. कठड्याला टेकून दुसरीकडे नजर.
"ते पत्र्याचं निळं छप्पर दिसतं? आंब्याच्या मागं? आमचं घर. काकू आता धुणं वाळत घालत असंल."
इतकी वर्षं म्हणे दर फेरीला बघतात. कुणाला सांगितलेलं नाही.
"काका, सोमवारी काय सांगू मॅडमना?"
"तुला पटंल ते सांग. तू शिकलीस त्यातलं." उतरायला वळले, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबले. "शिडी मात्र ठेवा म्हणावं."