सातव्या वेशीवरची

ता. ४ फेब्रुवारी

चि. भाऊजींस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

खुशाली मागाहून, आधी जाब द्या. तुम्ही तुमच्या दादांना तो खेळाचा डबा पाठवलात. वायर कुठे खुपसायची, टीव्ही कसा लावायचा, सगळं हातभर लिहून पाठवलंत. पण त्या खेळात सेव्ह करायला एकच जागा असते, दुसऱ्यानं हात लावला की पहिल्याचं सगळं पुसलं जातं, हे लिहायच्या वेळी तुमची शाई संपली होती का?

गेल्या बुधवारी हे दवाखान्यात हात चोळून घ्यायला गेले होते आणि मला धुलाईच्या दुकानाची सुट्टी होती. पाच महिने हा माणूस ज्याच्यापुढे बसतो त्यात आहे तरी काय, म्हणून मी रिमोट उचलला. कुठलं बटण दाबलं देव जाणे. रानात एक माणूस उभा राहिला. त्याला चालवत नेलं तर शेकोटी लागली, शेकोटीपाशी एक म्हातारी. ती विचारते, विसावा घेणार का. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरं लावत लावत वाचलं. आता कुणी इतक्या मायेनं विचारल्यावर नको कसं म्हणायचं? मी हो म्हटलं. तिथे विसावा म्हणजे सेव्ह, हे मला कोण सांगणार?

हे आले. डबा लावला. ह्यांचा एकसष्टाव्या पायरीचा वीर, पाच वेशी उघडून सहावीपाशी पोचलेला, गेला. त्या जागी माझा पहिल्या पायरीचा, अंगात फाटका सदरा. ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी रिमोट कपाटात ठेवला, वर घडीची चादर ठेवली आणि उजवा हात खिशात घातला. सहा दिवस झाले, तो हात जेवतानासुद्धा बाहेर येत नाही.

तुम्ही जूनपासून घरी आला नाहीत म्हणून सांगते. जूनमध्ये कारखान्यात प्रेसखाली सापडलेल्या त्या हाताला दवाखान्यानं रबरी चेंडू दिला होता, तो पलंगाखाली धूळ खातो. हात सुधारला तो ह्या खेळानं. जानेवारीत शर्टाची बटणं स्वतः लावली. बारा मार्चला कारखान्याचे डॉक्टर पकड मोजणार आहेत. वीस किलो भरली तर तपासणीच्या टेबलावर काम, तयार भाग मोजायचं. नाही भरली तर कायमचे घरी. आणि हात खिशात ठेवून ती भरणार नाही.

ह्यांना वाटतंय मी मुद्दाम केलं. हा डबा भंगारात घालीन असं मी तीनदा म्हटलं होतं, हे खरं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस ओळखला नसेल तर सफाई द्यायला मी जायची नाही.

गेलेलं परत कसं आणायचं ते कळवा. तुमच्या डोंगरावर फोन लागत नाही, नाहीतर हे सगळं तोंडानं ऐकवलं असतं. लोभ सध्या थोडा कमी आहे, उत्तर बघून वाढवीन.

तुमची वहिनी

---

ता. ६ फेब्रुवारी

ती. वहिनींस, साष्टांग नमस्कार. वि. वि.

टपालाची जीप सोमवारी आणि गुरुवारी येते, तासभर थांबते. ड्रायव्हर चहा पितोय तोवर लिहितो. हवामानाच्या नोंदी आज उशिरा होतील, वाऱ्याला सांगितलंय थांब म्हणून.

चूक माझी. लिहायला हवं होतं. आणि गेलेलं परत येत नाही. खेळाची कथाच तशी आहे. सात वेशींच्या पलीकडे एक शहर, आणि तिथल्या राणीनं सात माणसांची नावं काढून घेतली. आपण कोण हेच आठवेना, तेव्हा तिनं त्यांना एकेका वेशीवर राखणीला उभं केलं. जो येईल त्याच्यावर ते धावतात. आपला वाटसरू त्या शहरातला, त्याला घरी जायचंय. पहिल्या भागात तो घर सोडतो, दुसऱ्यात वाळवंट तुडवतो, ह्या तिसऱ्यात वेशी, चौथ्यात शहर. वाटेत विसरनदी आहे. तिचं पाणी प्यायलं की मागचं गेलं. म्हणून खेळ करणाऱ्यांनी जागा एकच ठेवली. आम्ही पोरं ह्याच गोष्टीचं कौतुक करायचो, आज ती तुमच्यावर उलटली.

उपाय एकच. तुम्हीच खेळा आणि दादाला जिथे होता तिथे नेऊन उभं करा. मागे बटणांचं चित्र काढलंय. चौकोन म्हणजे वार. गोल म्हणजे वार चुकवणं. वरची दोन बटणं दोन्ही हातांच्या बोटांनी. पाचव्या वेशीपर्यंत निदान चाळिसावी पायरी गाठा, नाहीतर एका फटक्यात आडव्या व्हाल. सहावीवरचा दगडी राखणदार सगळ्यांत वाईट, दादा तिथे अकरा दिवस अडकला होता.

हॉर्न वाजला. रागावलात तरी पत्र पाठवत जा, इथे तेवढीच करमणूक.

आपला, भाऊजी

---

ता. १७ फेब्रुवारी

चि. भाऊजींस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

चित्र मिळालं. माझी पाळी आता दुपारची आहे, हे सकाळी दहा ते बारा दवाखान्यात असतात. ते दोन तास माझे. तीन वेशी उघडल्या. पायरी सातवी. चाळिसावी कशाला लागते ते मला कळलं नाही.

चौकोन मी वापरतच नाही. एकदा चुकून दाबला तर एक बकरी मेली, तिची मालकीण अजून माझ्याशी बोलत नाही. मी दुकानातल्यासारखं चालवलंय. तुम्हांला माहीतच आहे, नावाशिवाय मी कपडा घेत नाही. कुणाचा, कुणी आणला, डाग कसला, सगळं चिठ्ठीवर. बावीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी गेलेला नाही. आणि ह्या खेळात बघावं तर वेशीवर माणूस उभा, कुणाचा कोण पत्ता नाही, आणि तुम्ही सगळे तलवार काढून त्याच्यावर. अरे आधी विचारा तरी.

मी जुनं चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन बसले. विहिरीवरची बाई म्हणाली की तिचा भाऊ लहानपणी छपरावरून पडला, डाव्या पायानं लंगडायचा, पुढे नाहीसा झाला. पहिल्या वेशीवरचा लंगडतोच आहे की! लिहून ठेवलं. तिला चार वेळा बोलतं केलं, चौथ्यांदा भावाचं नाव बाहेर आलं. मग वेशीपाशी गेले. तिथे हाक मारा असं एक येतं ना, ते दाबलं की रिकामी जागा येते. एकेक अक्षर शोधून त्यात नाव भरलं. त्यानं भाला टाकला, खाली बसला आणि रडला. वेस आपोआप उघडली. मीही थोडी रडले, खोटं कशाला बोलू. दुसरीवरचा सुतारणीचा नवरा निघाला. तिसरीवरची दोघी जुळ्यांमधली धाकटी, तिची ओळख बोटातल्या अंगठीवरून पटली.

वाचायला वेळ लागतो, पण तिथली माणसं बटण दाबेपर्यंत थांबतात. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी शिकण्यासारखं आहे.

ह्यांचं तसंच आहे. हात खिशात. चेंडू काढून पुढे ठेवला तर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी भाजी निवडायला उठले. बारा मार्चला पंचवीस दिवसही राहिले नाहीत. चौथ्या वेशीची माणसं कुठे भेटतात ते लिहा. लोभ पूर्वीइतका केला आहे.

तुमची वहिनी

---

ता. २० फेब्रुवारी

ती. वहिनींस, साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी आमच्या वायरलेसवाल्याला वाचून दाखवलं. त्यानं चारही भाग पुरे केलेत, ह्या केंद्रावर त्याचा फार तोरा. त्यानं तीनदा वाचून घेतलं आणि मग टोपी काढून बाकावर ठेवली. हाक मारा म्हणजे समोरच्याला अंगावर बोलवायचं, असंच आम्ही इतकी वर्षं समजत होतो. दाबलंच नाही कधी कुणी. वहिनी, वेशी नावानं उघडतात हे आम्हांला माहीत नव्हतं. चौथ्या वेशीची माणसं कुठे भेटतात तेही माहीत नाही. आम्ही त्या गावातून पळत जायचो.

आता एक गोष्ट धीर करून लिहितो. दादाला खरं सांगा. तो गप्प बसतो तेव्हा रागावलेला नसतो, घाबरलेला असतो. लहानपणापासून तसाच. खेळ पुसला गेला आणि त्याला हात खिशात घालायला कारण मिळालं, इतकंच. बारा तारखेला वीस नाही भरली तर सांगायला एक सबब. हे मला बरं कळतं, कारण मीही तेच केलं. जूनपासून आलो नाही तो रजा मिळत नाही म्हणून नव्हे. तो हात बघायची हिंमत झाली नाही, म्हणून डबा पाठवला.

शिव्या पुढच्या पत्रात द्या, आज जीपवाल्याला घाई आहे.

आपला, भाऊजी

---

ता. ३ मार्च

चि. भाऊजींस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिव्या राखून ठेवल्या आहेत, आधी बातमी.

चौथी आणि पाचवी वेस उघडली. पाचवीच्या पुढे दोरांचा पूल आहे. वरची दोन्ही बटणं दोन्हीकडून घट्ट दाबून धरायची आणि पूल संपेपर्यंत सोडायची नाहीत. तिथे बोलून काही होत नाही, पुलाला नाव नाही. मी चौतीस वेळा नदीत पडले. चौतिसाव्यांदा पुलाच्या मालकाचा मोठ्यानं उद्धार करत होते, तर मागे दारात हे उभे. दवाखान्यातली मालिशवाली आली नव्हती, लवकर परतले.

पडद्याकडे बघून विचारतात, पायरी नववी आणि पाचवी वेस पार, हे कसं. मी म्हटलं, तोंडानं. मग ह्यांनी विचारलं की आधीचं मुद्दाम पुसलं होतंस का. भाऊजी, इतका राग आला मला. शेकोटी, म्हातारी, विसावा, सगळं एका दमात ऐकवलं, आणि हेही ऐकवलं की मला तुमचा डबा फेकायचा असता तर तुमच्या देखत फेकला असता, चोरून नाही. हे मग हसायला लागले. म्हणे, त्या म्हातारीला आजवर कुणी भिडेपोटी हो म्हटलं नसेल. हसू थांबलं तेव्हा म्हणाले की बारा तारखेची भीती वाटते. तुम्ही लिहिलं होतं तेच. मी म्हटलं मलाही वाटते, सरका, बसू द्या.

मग हात बाहेर आला. हेही अकरा वेळा पडले. मधलं बोट निसटतं. एकदा रिमोट ठेवून हात झटकला, मला वाटलं संपलं. पण पुन्हा उचलला. बाराव्यांदा पलीकडे. कपाळावर घाम, जणू खराच पूल ओलांडला.

आता रोज बसतो. वाटेत असले पूल, ओढे, कडे पुष्कळ आहेत, ते ह्यांचे. माणसं माझी, असं ठरलं होतं. पण सहाव्या वेशीच्या गावी ह्यांनी मला विचारूच दिलं नाही. ज्या माणसाला घरात दोन वाक्यं बोलायला लावायची तर माझा घसा बसतो, तो कुंभाराच्या आजीशी पाऊण तास बोलत होता. दगडी राखणदाराचं नाव तिच्याकडून ह्यांनीच काढलं. अकरा दिवस ज्याच्यावर वार केले, त्याला हाक मारताना ह्यांची बोटं अक्षरांवर अडखळत होती. ते नाव इथे लिहीत नाही. तुम्हांला आयतं कशाला?

नऊ दिवस आहेत. चेंडूही पलंगाखालून निघाला आहे, पण त्याचा मी उल्लेख करत नाही, नाहीतर परत जाईल.

तुमची वहिनी

---

ता. १४ मार्च

चि. भाऊजींस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल परवा लिहिणार होते, पण ह्यांनीच सगळ्या शेजाऱ्यांना सांगत हिंडायचं ठरवलं आणि मला बरोबर नेलं.

पकड तीनदा मोजतात, त्यातली मोठी धरतात. पहिली अठरा. मी बाहेरच्या बाकावर, दार अर्धवट उघडं, सगळं ऐकू येत होतं. दुसरी साडेएकोणीस. मी बाकाची कड इतकी आवळली होती की माझी मोजली असती तर तीस भरली असती. तिसरी एकवीस. डॉक्टरांनी विचारलं घरी व्यायाम कोणता करता, हे म्हणाले पूल ओलांडतो. त्यांनी ते कागदावर लिहूनही घेतलं, बिचारे.

करंगळीशेजारचं बोट वळणार नाही, ते कायमचं गेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि ह्यांनी मान हलवली. चोवीस तारखेला, सोमवारी, कामावर रुजू व्हायचं. टेबल त्याच शेडमध्ये आहे, प्रेसपासून वीस पावलांवर. काल हे तिथे जाऊन उभे राहून आले. मला विचारलं नाही, बरोबर नेलं नाही. येऊन फक्त सांगितलं की उजेड चांगला आहे.

तुम्ही हात बघायला घाबरलात, ते मी ह्यांना सांगितलं. रागावू नका, माझ्या पोटात राहत नाही. हे म्हणाले की त्याला म्हणावं, बघू नको, नुसता मिळव.

आता अडलंय ते सातव्या वेशीपाशी. तिथे एक बाई उभी आहे. उंच, केस पांढरे, हातात काही नाही. तिचं नाव कुणाला माहीत नाही. सातव्या वेशीच्या गावात तेवीस घरं आहेत, तेवीसही घरी प्रत्येकाला पाच पाच वेळा विचारलं. चिठ्ठ्यांच्या पुस्तकात पानभर रिकामं. हे म्हणतात नाव नसेलच, हिच्याशी लढायचं असेल, आणि आता त्यांना लढायचंही आहे, दोन्ही हातांनी, कामावर जायच्या आधी. मी म्हणते नावाशिवाय माणूस नसतं, आपण कुणाला तरी विचारायचं राहिलंय. ह्यावरून तीन दिवस घरात भांडण चालू आहे, आणि खरं सांगते, असं भांडण जूनपासून झालं नव्हतं. शेवटी रविवारपर्यंतची मुदत मिळाली. तेवीस तारखेला सकाळी नाव नसेल तर हे चौकोन दाबणार.

तेव्हा तुमच्या त्या टोपीवाल्या वायरलेसवाल्याला कामाला लावा. जेवढ्या केंद्रांशी त्याचं बोलणं होतं तेवढ्यांना विचारायला सांगा. तुम्हीही तुमचा खेळ काढून त्या गावात जा, आणि ह्या वेळी पळू नका, दारोदार थांबा. नाव सापडलं तर वीस तारखेच्या गुरुवारी जीपबरोबर कळवा, आणि कागदावर कळवण्यापेक्षा जीपमध्ये बसून स्वतः येऊन सांगितलंत तर आणखी बरं. नाहीच सापडलं तर रविवारी त्या हातात तलवार बघायला मी शेजारी बसेन, आणि मला फार वाईट वाटेल असंही नाही. पण आधी नाव. गुरुवारपर्यंत.

तुमची वहिनी